डाव्या चाकावरचं पांढरं

अण्णांनी फुटलेलं टायर आणून माझ्या पायाशी टाकलं आणि म्हणाले, "पद्मा, नीट बघून ठेव."

सकाळच्या सरावात फुटलेलं टायर होतं ते, साताऱ्याच्या एका पोराच्या गाडीचं. बाभळीच्या वळणावर ते फुटलं, गाडी गरगर फिरत जुन्या टायरांच्या भिंतीत घुसली आणि पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. आम्ही सगळे पळत गेलो होतो. त्याला बाहेर काढताना मी त्याचा चेहरा बघितला होता. तो ओरडत नव्हता, रडत नव्हता, नुसता डोळे उघडे ठेवून पडला होता. त्यानंतर ते टायर बघायची मला अजिबात हौस नव्हती.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या संघाचे मालक, मिस्त्री, गुरुजी आणि वेधशाळा, सगळं काही तेच. स्वतः एकेकाळी शर्यतीची गाडी चांगली चालवायचे. धाकट्या भावाचा, इंद्रजितचा, हात आपल्यापेक्षा चांगला आहे हे दिसल्यावर त्यांनी आपली गाडी त्याला दिली आणि स्वतः स्टॉपवॉच गळ्यात घातलं. माणूस मनाचा मोठा, पण शर्यतीच्या दिवशी त्यांच्या डोक्यात शर्यतीशिवाय काही शिरत नसे.

ते उकिडवे बसले आणि फाटलेल्या रबरात बोट घालून मला दाखवू लागले.

"हे पांढरं दिसतंय का? हे आतले दोरे. रबर झिजून संपलं की हे वर येतात. चाकावर पांढरा पट्टा दिसाय लागला की समजायचं, एक-दोन फेऱ्यांचं काम. मग ते फुटणारच."

"आणि आपल्या गाडीला दिसला तर?"

"दिसत न्हाई. इंद्रजित टायर राखून चालवतोय."

एवढं बोलून ते उठले आणि टायर जिथून आणलं तिकडे घेऊन गेले.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या बाहेर खडीच्या माळावर तेव्हा एक ट्रॅक होता. आता तिथे प्लॉट पडलेत. एकट्याने बसायच्या, उघड्या चाकांच्या बुटक्या गाड्या तिथे पळायच्या. माझे यजमान इंद्रजित त्या चालवणाऱ्यांतले एक. मुख्य शर्यत रविवारी. तिच्यात कोण पुढे उभा राहणार आणि कोण मागे, हे ठरवायला शनिवारी पात्रता फेरी. ट्रॅक अरुंद असल्यामुळे पुढे उभा राहिला त्याची निम्मी शर्यत उभ्या उभ्याच जिंकल्यासारखी असे. म्हणून शनिवारला महत्त्व.

पण आधीची पात्रता फेरी म्हणजे झोपेचं औषध होतं. अर्धा तास ट्रॅक मोकळा, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने जावं, हव्या तेवढ्या फेऱ्या माराव्यात, हवी तितकी टायरं बदलावीत. त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरायची. झालं काय, की जे वेगवान होते ते नवी टायरं चढवून दोन फेऱ्या मारायचे आणि छत्रीखाली भडंग खात बसायचे. बघायला आलेली माणसं जांभया द्यायची. मला स्वतःला तो प्रकार फार आवडायचा. नवरा भडंग खात समोर बसला आहे, यापेक्षा बायकोला काय हवं?

त्या वर्षी शर्यत भरवायचं काम इचलकरंजीच्या बाहुबली चौगुले शेठनी घेतलं. सुताचा धंदा, आणि शौक कुस्तीची मैदानं भरवण्याचा. त्यांनी ती अर्ध्या तासाची पात्रता फेरी एकदा बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, कुस्तीला लाख माणूस का येतंय? कुणीतरी पडतंय म्हणून येतंय. हितं कोण पडतच न्हाई.

मग त्यांनी नवा नियम काढला. सगळ्यांनी एकदम ट्रॅकवर जायचं. ठरावीक वेळाने घंटा होणार आणि ज्याची वेळ तेव्हा सगळ्यात वाईट तो बाद. असं एकेक करत शेवटी दोघे उरले की त्यांना तीन फेऱ्या द्यायच्या, त्यात जो सरस तो पहिला. मधे जो आपणहून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत, आला तो बाद. आणि टायरांचा एकच संच. मऊ रबराची चार नवी टायरं, त्यांच्यावर पिवळ्या रंगाची खूण, हीच शनिवारी आणि हीच रविवारी. मऊ टायर पळतं जोरात पण झिजतंही लवकर. म्हणजे आज जीव तोडून पळवावं तर टायर जाणार, जपून पळवावं तर घंटा वाजणार.

शेठनी सगळं कुस्तीच्या मैदानासारखं आखूनही घेतलं होतं. सकाळपासून त्यांची माणसं घमेल्यातून पांढरी फक्की टाकत फिरत होती. माणसांनी कुठे उभं राहायचं तिथे फक्की, पिटच्या तोंडाला फक्की, वळणांच्या बाहेरच्या कडेला फक्की. ती रेघ चारही चाकांनी ओलांडली तर ती फेरी धरायची नाही, असाही एक नियम होता.

लोकांना कल्पना भलतीच आवडली. एरवी शनिवारी कुत्रं फिरकत नसे, त्या दिवशी जत्रा लोटली होती. उसाचा रस, भेळ, लाउडस्पीकरवर निवेदक. भरीला दक्षिणेतल्या एका मोठ्या संघाची दोन माणसं पांढऱ्या टोप्या घालून आली होती. जो पहिला येईल त्याला ते त्यांच्या गाडीत बसवून बघणार होते. ही बातमी अण्णांनी घरी आणली तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. इंद्रजित चौतीस वर्षांचे होते. पुन्हा कुणी असं बोलवायला येणार नव्हतं.

माझं काम बोर्डाचं. तेव्हा आमच्या गाड्यांमध्ये बोलायची काही सोय नव्हती. पिटच्या भिंतीशी उभं राहून काळा बोर्ड वर धरायचा, त्यावर पत्र्याचे आकडे सरकवून लावायचे, कितवा आहेस आणि किती गाड्या उरल्यात. गाडी समोरून जाते तेवढ्या पळभरात चालवणाऱ्याने ते वाचायचं. आकड्यांबरोबर एक लाल पाटीही असे, तिच्यावर नुसतं 'आत' लिहिलेलं. ती दिसली की पुढच्या वळणावर जे काय असेल ते सोडून गाडी आत आणायची. ती पाटी मी कधी वापरली नव्हती. डब्यात तळाशी पडून असे.

खरं सांगायचं तर इंद्रजित बोर्ड बघतच नसत. मी त्यावरून भांडायचे. मी इथे उन्हात हात मोडून घेते आणि तुम्ही साधी मान वळवत नाही. ते हसून म्हणायचे, "तू उभी आहेस एवढं दिसतंय मला. बाकी गाडी सांगते." असा माणूस. पंचगंगेला पूर आला की पुलावरून उडी मारणारा म्हणून शाळेपासून प्रसिद्ध. अख्ख्या पेठेत त्यांना वाघ म्हणायचे. आठ वर्षांच्या संसारात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते फक्त पालीला.

त्या दुपारी गाडीत बसण्यापूर्वी ते हातमोजे घालत माझ्याजवळ आले. मी म्हटलं, सकाळचं ते टायर बघितलंत का? म्हणाले, बघितलं. मी म्हटलं, जपून चालवा. म्हणाले, जपून चालवलं तर घंटा वाजेल की. मग जायला वळले आणि थांबले.

"ती लाल पाटी आणलीयस ना?"

"डब्यात आहे. कशाला?"

"काही नाही. वर काढून ठेव. हाताशी असू दे."

मला वाटलं, टायरचं त्यांनाही सुचलंय, बरंच आहे. मी पाटी काढून भिंतीवर ठेवली.

मग ते सुरू झालं. बारा गाड्या एकदम सुटल्या आणि माळ हादरायला लागला. पहिल्या काही मिनिटांतच मला कळलं की शेठचा नियम काय चीज आहे. आधी गाड्या एकेकट्या जायच्या. आता प्रत्येकाला प्रत्येक फेरी जोरात मारणं भाग होतं, कारण कुणाची वेळ कुणाच्या खाली जाईल याचा भरवसा नव्हता. घंटा जवळ आली की सगळे पिसाळल्यासारखे पळवायचे. घंटा झाली की निवेदक बाद झालेल्याचं नाव ओरडायचा आणि माणसं उठून टाळ्या पिटायची. पहिला पुण्याचा गेला. दुसरा गोव्याचा. लोक आधीच ओरडून सांगू लागले, आता कोण जाणार.

मी आकडे लावत होते. तिसरा, उरले दहा. तिसरा, उरले नऊ. उन्हाने पत्रा तापला होता आणि बोटं भाजत होती. अण्णा माझ्या शेजारी घड्याळावर डोळे लावून उभे. गाडी समोरून गेली की बटण दाबायचे आणि आकडा पुटपुटायचे. त्यांच्या डोळ्यांत मी इतका आनंद कधी बघितला नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. इंद्रजित बोर्ड बघत होते. सरळ रस्त्याला लागल्याबरोबर, अजून पुष्कळ लांब असतानाच, त्यांचं हेल्मेट माझ्याकडे वळायचं आणि गाडी समोरून जाईपर्यंत माझ्याकडेच असायचं. प्रत्येक फेरीला. मी मनात म्हटलं, आज आमच्या साहेबांना बोर्डाची गरज पडली. नव्या नियमाचा एवढा तरी फायदा झाला.

सहा गाड्या उरल्या तेव्हा मिरजेच्या एकाची गाडी बाभळीच्या वळणावर आडवी झाली. कुणाला लागलं नाही, पण मागून येणारी गाडी तिला हातभर अंतराने चुकवून गेली. माणसांतून एक मोठा आवाज उठला. मी दचकून बघितलं. मला वाटलं होतं ते घाबरून ओरडले. ते आनंदाने ओरडले होते. चौगुले शेठ मांडवात उभे राहून टोपी हलवत होते. त्यानंतर आकडे सरकवताना दोनदा माझ्या हातातून पत्रा खाली पडला.

पाच. चार. तीन.

मग इंद्रजित आणि बेळगावचा सदानंद किणेकर असे दोघेच उरले. किणेकर बावीस-तेवीसचा, नवाकोरा, डोळ्यांवर केस येणारा. निवेदकाचा घसा बसला होता. आता शेवटच्या तीन फेऱ्या, असं तो कसंबसं ओरडला आणि सगळा माळ एकदम गप्प झाला. दोन गाड्यांचा आवाज तेवढा लांबून येत होता.

त्या तीनपैकी पहिली फेरी संपवून इंद्रजित समोरून गेले तेव्हा मला ते दिसलं. पुढचं डावं चाक. आमच्या बाजूचं. त्याच्या बाहेरच्या कडेला पांढरा पट्टा होता.

मला आधी वाटलं, उन्हाची तिरीप असेल. डोळे चोळले. पण काळ्या रबरावर गोल फिरणारं पांढरं काय ते मी सकाळीच बघितलं होतं, आणि विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं.

मी अण्णांची बाही धरली. म्हटलं, अण्णा, पुढच्या डाव्या टायरवर पांढरं दिसतंय. ते घड्याळातून मान न काढता म्हणाले, धूळ असंल. मी म्हटलं, धूळ नाही, पट्टा आहे, सकाळी तुम्ही दाखवलात तसा. तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं, पण गाडी वळणाआड गेली होती.

"अण्णा, त्यांना आत घेऊ या."

"येडी का काय तू? पहिला हाय तो. पहिला! दोन फेऱ्या राहिल्यात."

"तुम्हीच म्हणालात ना, एक-दोन फेऱ्यांत फुटतं म्हणून?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ऐकू आलं होतं. मग त्यांनी माझा हात बाहीवरून सोडवला आणि म्हणाले, "दोन फेऱ्या काढंल ते. आकडा लाव. पहिला, उरल्या दोन."

अण्णांनी भावावर पोटच्या पोरासारखी माया केली होती, हे मला माहीत होतं. तरी ते असं म्हणाले. त्यांना काय झालं होतं ते मला नंतर पुष्कळ वर्षांनी समजलं. शेठनी जो थरार विकायला आणला होता तो अण्णांनी सगळ्यात जास्त घेतला होता. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की या माळावर हजारो माणसं आहेत आणि इंद्रजितच्या जिवाची भीती वाटणारी मी एकटीच आहे. रडायला आलं मला, पण रडले असते तर डोळ्यांना नीट दिसलं नसतं.

गाडी पुन्हा सरळ रस्त्याला लागली. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. हेल्मेट माझ्याकडे वळलेलं. आणि चाकावरचा पट्टा आता बोटभर नव्हता, चांगला दोन बोटं रुंद झाला होता. म्हणजे रबर आणखी गेलं. आता बाभळीचं वळण. सकाळी त्या पोराला बाहेर काढलं ती जागा.

मी आकड्यांचा बोर्ड खाली टाकला. भिंतीवरची लाल पाटी उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

अण्णा माझ्या अंगावर ओरडले. पाटी हिसकायला त्यांनी हातही घातला. पण मी भिंतीला चिकटून उभी होते आणि मी शेतात वाढलेली बाई आहे, सहज कुणाला हलणारी नाही. गाडी समोरून गेली. हेल्मेट माझ्याकडेच होतं. त्यांनी पाटी वाचली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ते वळणाकडे गेले आणि मी डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नाहीत. मी फुटण्याच्या आवाजाची वाट बघत होते.

तो आवाज आला नाही. इंजिनचा आवाज उतरला. चढा होता तो एकदम खाली आला, आणि मी डोळे उघडले तेव्हा वळण पार करून गाडी सावकाश, ट्रॅकची कड धरून, एक हात वर करून येत होती. उरलेला अर्धा ट्रॅक त्यांनी असाच कापला आणि पिटमध्ये शिरले. माणसांमधून "अरेरे" असा सूर उठला. मागाहून किणेकर एकटाच सुसाट गेला, आणि निवेदकाने बेळगावचं नाव घेतलं.

माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकून खाली बसले. अण्णा माझ्यापुढून धावत गेले. गाडीजवळ जाऊन, इंद्रजितकडे न बघता, ते थेट पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले. मीही उठून मागे गेले. पट्टा होता. सगळ्यांना दिसत होता. मी म्हणणार होते की बघा.

अण्णांनी अंगठा टायरवर घासला. अंगठ्याला पांढरी भुकटी आली. पुन्हा घासला. खालून काळं, धडधाकट, चांगलं जाड रबर निघालं.

"फक्की," अण्णा म्हणाले.

वळणाच्या कडेला टाकलेली शेठची फक्की. बस्स. टायरला काही झालं नव्हतं. तपासनीस आला, त्यानेही हात फिरवला आणि म्हणाला, अजून दहा फेऱ्या सहज गेलं असतं. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पांढऱ्या टोपीवाले दोघे माझ्याकडे एकदा बघून किणेकरच्या पिटकडे चालू लागले. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

माझ्या मनाला काय झालं ते सांगत बसत नाही. नवऱ्याचं जन्माचं स्वप्न मी एका पाटीने मोडलं होतं, तेही फक्की बघून. आता मला वेगळीच भीती वाटायला लागली. इंद्रजित अजून गाडीतून उतरले नव्हते. हेल्मेट घातलेलं, काच खाली, पट्टे बांधलेले, समोर बघत तसेच बसले होते. ते काय म्हणतील या विचाराने मला त्यांच्याजवळ जाववेना. पण गेले. बायकोच गेली पाहिजे ना.

मी गाडीशी वाकले आणि म्हटलं, "अहो, चुकलं माझं. मला दोरे वाटले."

मी पट्टा सोडायला हात आत घातला तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब जरा. इतक्यात सोडू नकोस."

हातमोज्यातला हात थरथरत होता. साधा थरथरत नव्हता, थंडीतापात माणसाचा हलतो तसा हलत होता. दुसरा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. मी काच वर केली. त्यांचा चेहरा मी ओळखला. तो मी सकाळीच बघितला होता, साताऱ्याच्या पोराचा.

"लागलं का कुठं?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"ती फक्की आहे हे मला ठाऊक होतं, पद्मा. मीच जात होतो तिच्यावर. वळणावर हात ऐकतच नव्हते. दर फेरीला जरा जास्तच बाहेर जात होतो. आठ गाड्या असल्यापासून."

आठ गाड्या असल्यापासून म्हणजे चांगला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माणसं नाचत होती, अण्णा हसत होते आणि मी त्यांचा नंबर लावत होते, तिसरा, दुसरा, पहिला.

"मग आपणहून का नाही आलात?"

"कसा येऊ? पहिला होतो." मग अगदी हळू म्हणाले, "मी दर फेरीला तुझ्याकडे बघत होतो. आता तरी तू ती पाटी दाखवशील म्हणून."

लाउडस्पीकरवर निवेदक सांगत होता की या माळावर एवढी रंगलेली पात्रता फेरी आजवर झाली नव्हती, आणि चौगुले शेठसाठी जोरात टाळ्या होऊ द्यात. टाळ्या झाल्या. त्यात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंद्रजित शर्यतीला उभे राहिले आणि पाचवे आले. पावसाळ्यानंतर गाडी विकली. अडत दुकान बघायला लागले. कारण विचारलं की म्हणायचे, वय झालं. आणि आमच्या भावकीत, लग्नात, बारशात, जिथे म्हणून चार माणसं जमतील तिथे तो किस्सा सुरू झाला. वहिनींनी फक्की बघितली आणि वाघाला गोठ्यात घेतलं. मी पण हसायचे. दोन-तीनदा तर मीच रंगवून सांगितला. इंद्रजित अशा वेळी पान खायला म्हणून बाहेर जायचे. गेल्या दिवाळीत पुतण्याच्या लग्नाच्या बोलण्यांत तो पुन्हा निघाला, तेव्हा मात्र ते बाहेर गेले नाहीत. घरी येताना म्हणाले, "आता सांगून टाक खरं. अण्णाही राहिले नाहीत." म्हणून सांगितलं.

पण त्या दुपारी अण्णा होते. ते टायरपाशी उठले आणि आमच्याकडे यायला लागले. इंद्रजितनी त्यांना येताना पाहिलं आणि माझा हात आणखी घट्ट धरला. मी हातमोज्यातला तो हात दोन्ही हातांत घेतला आणि बाहेरून दिसणार नाही असा गाडीच्या आत, माझ्या पदराखाली धरून ठेवला.

अण्णा येऊन उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसला. आवाज चढवला नाही.

"काय झालं रं नेमकं?" त्यांनी भावाला विचारलं. "गाडीत काय जाणवलं होतं काय?"

इंद्रजितनी तोंड उघडलं. त्यांच्या हाताची थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती.

"त्यांना काय विचारताय?" मी म्हटलं. "त्यांनी बोर्ड बघितला आणि आले. मीच भ्याले, अण्णा. बाईमाणूस, भ्याले."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि स्टॉपवॉच गळ्यातून काढत मांडवाकडे गेले. हात पदराखाली अजून थरथरत होता. तो थांबेपर्यंत मी तशीच वाकून उभी राहिले.